बुटक्या नरांचा वाटा

मुलांनो, आधी बातमी सांगते, मग माणूस. माझा धाकटा भाऊ वसंता, तुमचा मामाआजोबा, गेल्या महिन्यात पुरात गेला. इथे फ्रीमाँटच्या घरी मी पोळ्या करत होते, तेव्हा तो कामाला होता त्या हॅचरीतून, म्हणजे सॅमन माशांच्या पैदास केंद्रातून, मुकादमाचा, डेलचा फोन आला. डोंगराचा कडा सुटून चिखल तळ्यांवर येत होता. सॅमनची पिल्लं समुद्राकडे निसटावीत म्हणून वसंता एकेक फाटक उघडत गेला... शेवटच्या फाटकाशी पुरातल्या ओंडक्यांनी त्याला चिरडलं.

त्याचं काम मी एकदाच पाहिलं, एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास. शरद ऋतू होता. अंडी घालायला समुद्रातून नदीत परतलेले मासे सिमेंटच्या फरशीवर तडफडत होते आणि डेल दंडुक्याने त्यांची डोकी फोडत होता. माद्यांची पोटं चिरून केशरी अंडी बादलीत घ्यायची, त्यांवर नरांचं वीर्य पिळायचं. रक्ताचा ओघळ माझ्या पायांपर्यंत आला. आमच्या घरात अंडंही शिजत नसे, आणि इथे वसंता कोपरापर्यंत लाल.

डेल फक्त मोठे नर वापरी. दुसऱ्याच वर्षी परतणारे बुटके नर मारून तो कचऱ्यात फेकी. पोरंटोरं लग्नाला उभी राहिलीत, म्हणून हसे. वसंता त्याला समजावत होता की एकाच आईच्या पिल्लांपैकी कुणी दोन वर्षांनी परततं, कुणी चार, कुणी पाच. सगळी एकाच साली आली आणि त्याच साली नदी कोपली, तर वंश बुडाला. बुटक्यांचाही वाटा हवाच. डेलने ऐकलं नाही. एका बुटक्यावर दंडुका उचलला, वसंताने मध्ये हात घातला... हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

डेल पांढरा पडला. वसंताने डाव्या हाताने दंडुका हिसकावला. मला वाटलं, आता माणूस मरतो. त्याने तो त्या बुटक्या माशाच्याच डोक्यात घातला आणि त्याचं वीर्य अंड्यांवर पिळलं.

“मारायचा तर आहेच गं ताई,” तो मला म्हणाला. “वाया नाही घालवायचा.”

त्यानंतर डेलने बुटके कधी फेकले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी केंद्रावरची वसंताची खोली आवरायला गेले. तळी चिखलाने बुजलेली, यंदाची सगळी अंडी मेलेली. पुढच्या शरदात मासे आले नाहीत तर केंद्र बंद, असं वरचे साहेब म्हणतात. डेल त्यांच्याशी भांडला. निसटलेली पिल्लं आहेत, समुद्रात आधीच्या सालांचे मासे आहेत, ते सगळे एकाच साली कसे येतील, असं ऐकवून त्याने पाच वर्षं मागितली आहेत. मिळतील की नाही, ठाऊक नाही.

मी अंथरूण गुंडाळत होते, तेव्हा डेल दारात येऊन उभा राहिला.

“नदीचं वळण याच खिडकीतून दिसतं,” तो म्हणाला. “पलंग राहू द्या. मासे परततात का ते बघायला कुणीतरी इथे राहायला हवं.”

मी चादर पुन्हा पसरली.