कॅमेरा बिघडला नव्हता

मे-जूनमध्ये लागोपाठ पाच रविवार मी तुम्हाला सांगत होते, की माझ्या टॅबचा कॅमेरा बिघडलाय. तो बिघडला नव्हता. मीच त्यावर जुन्या पाकिटाचा एक चौकोनी तुकडा कापून चिकटवला होता.

हे सगळं मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं, तुम्हाला सोपं जावं म्हणून. दीड पान झाल्यावर वाचून पाहिलं, तर ते ऑफिसच्या अहवालासारखं झालं होतं. घटना, कारण, केलेली कार्यवाही. इतकी वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळल्यावर माझं इंग्रजी तसंच होऊन बसलंय. त्यात मी कुठे सापडेना. म्हणून मराठीत लिहिते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवेल. न गाळता वाच रे, असं त्यालाही सांगून ठेवते.

रविवारी संध्याकाळी सात वाजता, तुमच्या टोरांटोतल्या सकाळी साडेनऊला, तुम्ही दोघं नातवंडं स्क्रीनवर येता. माझी तयारी साडेसहालाच झालेली असते. साडी बदललेली, मागच्या कपाटाची दारं नीट लावलेली, डायरीत बोलायचे विषय एक ते सहा लिहून ठेवलेले. स्वयंपाकाची बाई रविवारी सुट्टी घेते. आजोबा गेल्याला चार वर्षं झाली. त्यामुळे शनिवारी दुपारी ती गेली, की रविवारी संध्याकाळपर्यंत मी बहुधा एक शब्दही बोललेली नसते. म्हणून पावणेसातला मी एकदा मोठ्यानं 'हॅलो' म्हणून बघते. आवाज नीट निघतो ना, एवढंच.

मार्चमध्ये धाकट्यानं पहिल्यांदा विचारलं, "आजी, तू रागावलीस?"

मी म्हणाले, "नाही रे बाळा."

पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी मी उत्तर द्यायच्या आत मोठी त्याला म्हणाली, "रागावली नाहीये रे. आजीचा फेसच तसा आहे."

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तिनं माझी बाजूच घेतली होती. पण त्याच दिवशी नेटवर्क अडकलं, चित्र थिजलं, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात माझा चेहरा तसाच राहिला. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांपर्यंत उतरलेल्या दोन खोल रेषा, ओठांची टोकं खाली. मला वाटलं, खरंच की. ह्या बाईशी कोण बोलेल?

त्या रेषा भरून मिळतात, हे मी पेपरातल्या जाहिरातीत वाचलं होतं. जेलीसारखं औषध असतं, फिलर म्हणतात. सुईनं त्वचेखाली घालतात, तिथली जागा फुगते आणि रेष वर येते. वर्षभरात ते आपोआप विरतं. क्लिनिकमधला डॉक्टर तरुण आणि अदबीचा होता. त्यानं काय काय होईल ते सांगितलं आणि संमतीपत्र पुढे केलं. चार पानं, बारीक अक्षर.

आता माझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट. ते गिरणीत कामाला होते. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना हात धरून मैदानावर घेऊन गेले होते. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उठवले होते. म्हणून आमच्या घरात एकच कडक नियम होता: वाचल्याशिवाय सही नाही. मला इंग्रजी शाळेत घातलं ते त्यासाठीच. मी शाळेच्या सहलीच्या पत्रकावरसुद्धा पूर्ण वाचून मगच वडिलांची सही घेत असे.

ती चारही पानं मी वाचली. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की औषध रक्तवाहिनीत शिरलं किंवा तिच्यावर दाब आला तर त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. डॉक्टर हसून म्हणाला, "मॅडम, हे सगळं वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मला फार बरं वाटलं. त्या आनंदात मी विचारलंच नाही, की रक्त बंद पडलं तर घरी बसून मला ते ओळखू कसं येईल. प्रत्येक पानावर सही केली. आणीबाणीत कुणाला कळवायचं, त्या रकान्यात तुमच्या बाबाचा टोरांटोचा नंबर लिहिला. एकही रकाना रिकामा सोडायची मला सवय नाही.

तो शुक्रवार होता. उजव्या बाजूला सुई गेली तेव्हा एक कळ थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत गेली. मी म्हणाले, "थोडं दुखतंय." त्यानं हात थांबवला, जागा चोळली, बघितली, म्हणाला ठीक आहे. मग आरसा दिला. रेषा गेल्या होत्या. मी आरशात हसून बघितलं, मग न हसता बघितलं. न हसतासुद्धा मी रागावलेली दिसत नव्हते.

घरी काय करायचं त्याचा एक छापील कागद दिला होता. सूज येईल, निळसरपणा येईल, काही दिवसांत जाईल. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं बर्फ. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि शेजारी पेन्सिलनं चौकटी आखल्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात बायका घराबाहेर पडतात त्या डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळून. तुम्ही एकदा आलात तेव्हा रस्त्यात घाबरला होतात, आठवतं? 'ह्या सगळ्या कोण आहेत?' मीही गांधीबागच्या बाजारातून आणलेला पांढरा सुती दुपट्टा बांधून गेले आणि तसाच बांधून आले. वाटेत कुणी ओळखलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी उजवा गाल ठणकायला लागला. नाकाची कड, वरचा ओठ. बर्फ लावला, चौकटीत खूण केली. झोप तुटक लागली. सकाळी आरशात पाहिलं तर ओठापासून नाकापर्यंत जांभळट रेघांचं जाळं उमटलं होतं, मधेमधे पांढरं. कागद वाचला. निळसरपणा येईल, असं होतंच त्यात. बर्फ लावला. खूण केली.

नऊ वाजता बाई आली. ती पारशिवनीकडच्या खेड्यातली, पन्नाशीची. बारा वर्षं माझ्याकडे आहे.

"घरात काहून दुपट्टा बांधला जी मॅडम? ऊन आत शिरलं का?"

"दाढ दुखतेय."

"कोन्ती?"

"उजवी."

तिनं कणीक मळायची थांबवली. "दिवाळीत तं म्हणल्या, उजव्या साऱ्या दाढा काढून टाकल्या म्हणून."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ येऊन दुपट्ट्याची गाठ सोडली.

"अरे माय! गांधीलमाशी चावली का?"

मग सांगावंच लागलं. तिला ते नीट पटेना. "इंजेक्शन? तोंडाले? काहून पण?"

"रेषा जाव्यात म्हणून."

"कोन पाहत होतं जी तुमच्या रेषा? मी तं रोज पाहून राहिली, मले काही त्रास नाही."

ती गालाला हात लावून म्हणाली, "हे थंड आहे."

"बर्फ लावलाय ना."

"सूज अशी नसते जी. माह्या भावाचा हात मोडला होता, तं गावच्या माणसानं बांबूच्या कामट्या लावून कसून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी बोटं अशीच जाळी-जाळी झाली होती. डॉक्टरनं बोट दाबून पाहिलं तं लाल होईच ना. पट्टी लवकर सोडली म्हणून वाचली बोटं." बोलता बोलता तिनं माझा डावा गाल अंगठ्यानं दाबून सोडला. मग उजवा. आरसा मीच धरला होता. डावीकडे पांढरा ठसा उमटला आणि लगेच पुसला गेला. उजवीकडे तो तसाच राहिला. मी मनात आकडे मोजत होते. सहापर्यंत मोजले.

तरी मी म्हणाले, "कागदात लिहिलंय की निळं होतं."

"कागदाले का तुमचं तोंड दिसते?"

क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नॉर्मल असतं मॅडम, सोमवारी सर भेटतील." मी थँक यू म्हणाले, फोन ठेवला आणि डायरीत सोमवारच्या पानावर अकरा वाजता अशी नोंदही केली. ऑफिसातून उत्तर आलं की विषय संपतो, ही माझी जन्माची सवय. बाई माझ्याकडे बघतच राहिली. "बोलून काय होते? फोटो धाडा ना त्याइले!"

फोटो तिनंच काढला. पहिल्यात तिचा अंगठा आला. आजोबा गेल्यानंतर माझा कुणी काढलेला तो पहिला फोटो.

पाच मिनिटांत डॉक्टरचा स्वतःचा फोन आला. त्याचा आवाज पार बदलला होता. "एकेक डोळा झाकून बघा. दोन्हींनी स्वच्छ दिसतंय? बर्फ फेकून द्या. कोमट कापड ठेवा आणि आत्ता निघा, मी पोचतोय." मी उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग डावा झाकून वाचलं. तारखा दिसत होत्या. तेव्हा मला कळलं, की दुसऱ्या पानावरची ती ओळ माझ्याबद्दल होती.

ऑटोत तोंडावर येणारी हवा भट्टीतल्यासारखी होती, आणि त्यात बाई दुपट्ट्याखाली माझ्या गालावर कोमट फडकं दाबून बसली होती. ऑटोवाला तिच्या मते फार हळू चालवत होता. "भैया, बैलगाडी है क्या? चलो ना जल्दी!" मला मात्र एकच चिंता होती. उद्या रविवार आहे. डोळ्याचा विचार मी करायला हवा होता, पण मनात तुम्हीच होतात. सात वाजता मी ह्या तोंडानं कशी येणार?

रिसेप्शनवर विचारलं, "सोबत कोण?" बाई म्हणाली, "मी." त्या मुलीनं ते रकान्यात लिहिलं.

फिलर विरघळवणारं एक औषध असतं. त्याच्या सुया आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखल्या. दोन्ही गालांतलं सगळंच विरघळवू, असं डॉक्टर म्हणाला. तो सुया देई, चोळी, तासभर थांबे, दाबून रंग बघे, परत देई. मधल्या वेळात त्यानं समजावलं, की बर्फ साध्या सुजेला चालतो, पण रक्तच पोचत नसेल तर थंडीनं नसा आणखी आवळतात. मी वेळापत्रक लावून नेमकं तेच केलं होतं. मग तो म्हणाला, "कालच संध्याकाळी मी तुम्हाला फोन करायला हवा होता." मी म्हणाले, "मीही कळवायला हवं होतं." दोघांचं खरं होतं. दुपारी ओठाचा रंग परत आला. नाकाच्या कडेचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा मात्र परतला नाही. तो पुढे काळा पडला, खपली धरली, आणि खपली पडल्यावर तिथे खड्डा राहिला.

ते पाच रविवार मी कागद चिकटवून बसले. पहिल्या रविवारी तुमच्या बाबाशी खोटं बोलताना माझा आवाज इतका सहज निघाला, की मीच दचकले. दुसऱ्या रविवारी धाकटा म्हणाला, "मग मी पण कॅमेरा बंद करतो. फेअर आहे ना?" न्याय म्हणून ते बरोबरच होतं. मग मोठीनंही बंद केला. त्यानंतर मी साडी बदलून, कपाटाची दारं लावून, काळ्या चौकोनासमोर बसत होते. पाचव्या रविवारी तो ओरडला, "आजी, दात पडला, हा बघ!" आणि मग म्हणाला, "अरे हो. तुला दिसत नाही." नंतर त्यानं तो दात कुठे ठेवला, बशीत की उशीखाली, ते मी विचारायची विसरले. तो आठवडा फार लांबला.

सहाव्या रविवारी पावणेसातला मी कागद काढला आणि खालचा चिकटपणा ओल्या फडक्यानं पुसला. 'हॅलो' म्हणून बघितलं नाही.

धाकट्या, तू स्क्रीनच्या इतका जवळ आलास, की मला तुझा एक डोळा आणि खाली दाताची रिकामी जागा दिसत होती. तू माझ्याकडे खूप वेळ बघितलंस. औषधानं सगळं विरघळल्यामुळे दोन्ही रेषा होत्या तिथे परत आल्या होत्या, आणि वर तो खड्डा.

"आजी, ते काय झालंय?"

"एक इंजेक्शन चुकलं. नंतर सांगते सगळं."

"आणि रागावलीस पण?"

"नाही," मी म्हणाले. "कालपासून कुणाशी बोलले नाही ना, की चेहरा असा होतो."

"मग बोल," म्हणालास.

समोर डायरीत एक ते सहा विषय लिहिलेले होते. त्यातला एकही वाचवेना. काय बोलले ते आता आठवत नाही, बहुतेक कूलरमधल्या पाण्याबद्दल काहीतरी. अर्ध्या तासानं तुम्हाला निघायचं होतं. स्क्रीन काळी झाल्यावर खोलीत परत कूलरचाच आवाज उरला. मी डायरीतलं ते पान उलटलं आणि जे तेव्हा बोलायला हवं होतं, ते लिहायला घेतलं.