रस्त्याच्या मधोमध रांगोळी

पार्वतीबाई रांगोळी दारात काढत नाहीत, रस्त्याच्या मधोमध काढतात. लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेमागे आमची तेल गल्ली आहे. तिथे नवा माणूस आला की थबकतो आणि विचारतो, आज कुणाकडे कार्य आहे का? कार्य नसते. गेली नऊ वर्षे रोज सकाळी सव्वासहाला पार्वतीबाई बादली, खराटा आणि रांगोळीचा डबा घेऊन बाहेर येतात. वळणाच्या अलीकडचा सिमेंटचा तुकडा झाडतात, पाणी शिंपडतात, पदर खोचून उकिडव्या बसतात आणि अकरा ठिपके अकरा ओळी मांडायला घेतात. तेवढ्यात क्लासच्या पोरापोरींच्या गाड्या यायला लागतात. गोलाईच्या गर्दीत न अडकता पलीकडच्या मोठ्या रस्त्याला लागायचे तर आमच्या गल्लीतून तीन मिनिटे वाचतात.

"ए पोरी, हळू! लक्ष्मी हाय ती, चाक घालशील!" पार्वतीबाई मान वर न करता ओरडतात. ब्रेक लागतो. गाडी कडेने, पाय टेकत, चालण्याच्या वेगाने पुढे जाते.

मी एकदा विचारले होते, "रस्त्यात कशाला काढता?"

"गाडीवाल्याला माणूस दिसत न्हाई बाई," त्या म्हणाल्या, "पर रांगोळी दिसती."

मी पुढे काही विचारले नाही. त्या रस्त्यात का बसतात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होते.

माझी ओळख थोडक्यात सांगते. वय एकोणऐंशी. शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये. लग्न होऊन लातूरला आले, यजमान वकील. ते जाऊन आता दहा वर्षे झाली. शाळेत सिस्टर आग्नेस आम्हाला रोज पाच ओळी लिहायला लावत. त्यांचा नियम एकच होता: जे घडले ते लिहा, जे वाटले ते नको. ती सवय सुटली नाही. कपाटात एकसष्ट वह्या आहेत.

पार्वतीबाई आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहतात. औशाकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा चंद्रप्पा भुसार बाजारात हमाल. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन हसत बोलणारा माणूस. पार्वतीबाई डाळीच्या गिरणीत डाळ निवडायला जात. संध्याकाळी परत येताना आमच्या ओट्यावर टेकत. केसांत डाळीची धूळ असायची. त्यांच्या गावाकडची पत्रे मी वाचायची, उत्तरे मी लिहायची. पुढे रेशनचे अर्ज, शाळेचे दाखले, सगळे कागद माझ्याकडेच. एकदा म्हणाल्या, "अंगठा लावताना लाज वाटती बाई. नाव तरी शिकवा." मी महिनाभर पाटीवर गिरवून घेतले. 'पार्वती चंद्रप्पा'. 'ती'ची वेलांटी त्या छत्रीएवढी मोठी काढत. अजून तशीच काढतात. त्या वेलांटीवरून त्यांची सही शंभरात ओळखू येते.

चंद्रप्पांना पन्नाशीनंतर काचबिंदू झाला. दवाखान्यात जायला उशीर झाला आणि दोन्ही डोळे गेले. पण ते घरात बसले नाहीत. तेव्हा आमच्या गल्लीत काळ्या दगडाची फरसबंदी होती. निजामाच्या काळातली म्हणायचे लोक. दगड झिजलेले, वरखाली, फटींत गवत. चंद्रप्पा अनवाणी निघत आणि पायाने फरशा मोजत जात. चौदाव्या फरशीला डावीकडे उतार. तिसावी फरशी डुगडुगायची, तिथे वळायचे. बेचाळीसला गोलाईचा चहावाला. रोज पाच वाजता जात, जुन्या हमालांत तासभर बसून, थट्टा करून, परत येत. हातात काठी असायची, पण ती कुत्र्यांसाठी. वाट पाय सांगत. आणि त्या दगडांवरून गाडी चालवायची म्हणजे हाडे खिळखिळी होत, म्हणून गल्लीत गाडी यायची ती रांगतच यायची.

आता मी केले ते सांगते.

माझा मुलगा पुण्याहून गाडीने यायचा. दर वेळी गाडीचा तळ दगडाला घासायचा आणि तो चिडायचा. "आई, ह्या गल्लीत बैलगाडीनंच यावं लागेल." एकदा गाडी बाहेर लावून मुलांना घेऊन चालत आला आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला. मला वाटले, रस्ता नीट झाला तर हे लोक चार दिवस राहतील. मी महानगरपालिकेला अर्ज लिहिला. माझे अक्षर चांगले, भाषा चांगली. त्यात मुलाच्या गाडीचे नाव नव्हते. 'वृद्ध व रुग्ण नागरिकांना असमान फरसबंदीचा त्रास होतो' असे मी लिहिले. यजमानांच्या दुखण्याचा दाखला दिला. नाल्यांच्या दुरुस्तीची मागणीही घातली, कारण ती सगळ्यांना हवी होती. गल्लीत फिरून सह्या घेतल्या. एकतीस झाल्या.

पार्वतीबाईंची सही मी शेवटी घेतली. ओट्यावर बसवले, बोटाने जागा दाखवली. "नालीसाठी अर्ज आहे," म्हणाले.

"तुमी लिवलाव न्हवं? मग काय बगायचं," असे म्हणून त्यांनी ती मोठी वेलांटी काढली.

वर्षाच्या आत फरशा उखडून ट्रॅक्टरमध्ये भरल्या आणि गुळगुळीत सिमेंट झाले. चंद्रप्पांनी पहिल्या दिवशी दाराबाहेर पाय ठेवला आणि उभेच राहिले. "पारवते, हितं तर कायच न्हाई," ते म्हणाले. मी खिडकीत होते. मी ऐकले.

तरी ते जात राहिले, भिंतीला हात लावत. गाड्या वाढल्या, वेग वाढला. दीड वर्षांनी, ऑगस्टात, क्लासला उशीर झालेल्या एका मुलीची स्कूटी त्यांना लागली. खुबा मोडला. ती मुलगी बिचारी दवाखान्यात बसून रडत होती. चंद्रप्पाच तिची समजूत घालत होते, "रडू नको माय, पेपर हाय न्हवं तुजा?" पण त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. ओट्यावर बसून गाड्यांचे आवाज ऐकत. आणि त्या दिवाळीपासून पार्वतीबाईंची रांगोळी दारातून उठून रस्त्यात गेली.

माझा मुलगा त्या गुळगुळीत रस्त्यावरून एकूण तीन वेळा आला.

मी एक काम करायला लागले. दर गुरुवारी खिडकीत बसून सकाळी साडेसहा ते साडेसात गाड्या मोजायच्या. किती आल्या, किती आणि कुठे हळू झाल्या, कोण पडले, कोण वाचले. रांगोळी असलेले दिवस आणि पार्वतीबाई आजारी असल्यामुळे नसलेले दिवस. याला मी काय समजत होते कोण जाणे. प्रायश्चित्त म्हणत असेन. पण मोजण्याने कुणाचे काही भले होत नव्हते आणि समोरच्या दारात जाऊन खरे सांगणे मी टाळत होते.

मागच्या जानेवारीत महानगरपालिकेचे शिवप्रसाद नावाचे तरुण इंजिनियर गल्लीत आले. गोलाईभोवतीच्या जुन्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी नीट करायच्या, अशी योजना होती. दोन्ही तोंडांना काढता-घालता येणारे खांब, दिवसा टेम्पो बंद, वळणाजवळ खडबडीत दगडाचे पट्टे म्हणजे गाडी आपोआप हळू होते आणि आंधळ्याच्या पायाला खूण मिळते. पहिली गल्ली आमची घ्यायची की नाही, ते रहिवाशांनी ठरवायचे. पार्वतीबाई दोनदा त्यांना चहा देऊन आल्या. चंद्रप्पांनी शिवप्रसादांचा हात धरून विचारले, "पट्टा तिसाव्या फरशीपाशी घालताव का साहेब?"

बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. ताटवाट्यांचे दुकान असलेले गुंडप्पा शेठ विरोधात होते. टेम्पो दारात आला नाही तर माल कसा उतरवायचा, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्यांनी दुसराच कागद काढला. महानगरपालिकेतून काढून आणलेला माझा जुना अर्ज.

"ह्याच गल्लीनं दगड काढून मागितले, साहेब. एकतीस सह्या. आणि ही बघा, पार्वतीकाकूंची. आज म्हणतात दगड पाहिजे, तवा म्हणाल्या नको. उद्या काय म्हणतील?"

पार्वतीबाई उभ्या राहिल्या. "म्या नालीसाठी सही केली. दगड काढा म्हून न्हाई."

"काकू, सही तुमचीच हाय न्हवं? एवढी मोठी वेलांटी हाय!"

"सही माजीच हाय."

"मग विसरल्याव तुमी. वय झालं." हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणाले, "रस्त्यात बसायची सवय लागलीय, आता बैठकीत पण अडवायल्यात."

पार्वतीबाईंनी वळून माझ्याकडे पाहिले. तक्रार नव्हती त्या नजरेत. मी त्यांचे कागद वाचणारी बाई, मी आता सांगेन, एवढीच खात्री होती. मी पर्स उघडली. रुमाल काढला. परत ठेवला. बोलले नाही.

शिवप्रसादांनी निर्णय आठ दिवस पुढे ढकलला. घरी जाताना पार्वतीबाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. "मला खरंच आठवंना झालंय बाई," त्या म्हणाल्या. "म्या ऐकलं नसंल नीट. माज्याच सहीनं मालकाची वाट गेली म्हणायची." ते मला सहन झाले नाही, आणि तरीही मी माझ्या दारात वळले.

वही काढली. अकरा मार्च दोन हजार चौदा. पाच ओळी. चौथी अशी: 'पार्वतीबाईंची सही घेतली. नालीचे सांगितले. फरशीचे सांगितले नाही, त्या नको म्हणतील म्हणून.' सिस्टरांच्या नियमाप्रमाणे जे घडले तेवढेच. वाचून झाल्यावर मी सात दिवस घराबाहेर पडले नाही. आठव्या दिवशी सकाळी रांगोळी चालू असताना वही घेऊन रस्त्यात गेले. गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभी राहूनच वाचली.

पार्वतीबाईंच्या चिमटीतून रांगोळी गळत राहिली. एका ठिपक्यावर ढीग झाला.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचले. ओट्यावर चंद्रप्पा होते. त्यांनी मान आमच्या बाजूला वळवली होती.

"माजं चुकलं म्हून म्या आठ दिस जेवले न्हाई नीट," पार्वतीबाई म्हणाल्या. "आन् तुमच्याजवळ लिवलेलं होतं."

"हो."

"त्या दिवशी हॉलात बी माहीत होतं?"

"हो."

त्यांनी ढीग झालेला ठिपका बोटाने पुसला. "मला काय वाचून दावता मग? म्या कुटं खोटं म्हणाले? जे हसले त्यास्नी वाचून दावा."

बैठक त्याच दिवशी अकरा वाजता होती. मी उभी राहिले आणि चौथी ओळ वाचली. मुलाच्या गाडीचेही सांगितले. ते वहीत नव्हते, पण ते सोडून बाकीचे खरे झाले नसते.

"म्हणजे फसवलंव म्हणा की काकूंना, वकिलीणबाई," गुंडप्पा शेठ म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर आश्चर्य वाटले होते.

"फसवलं," मी म्हणाले.

ते पार्वतीबाईंकडे वळले. "काकू, त्या दिवशी बोललो ते राहू द्या." मग शिवप्रसादांना म्हणाले, "पर साहेब, माझ्या मालाचं बघा. सकाळी नऊपर्यंत तरी टेम्पो सोडा." तेवढे मान्य झाले. माझ्या गुरुवारच्या नोंदी शिवप्रसादांनी मागून घेतल्या. रांगोळीच्या दिवशी गाड्या कुठे हळू होतात ते पाहून पट्ट्यांच्या जागा ठरल्या. वळणाचा पट्टा जवळजवळ रांगोळीच्या जागीच आला. त्याला माझे मोजणे उपयोगी पडले, असे लोक म्हणतात. मला त्याचे श्रेय नको आहे. पट्टा पार्वतीबाईंनी नऊ वर्षे रोज आखून ठेवला होता.

काम मेमध्ये संपले. जूनमध्ये पार्वतीबाई एक कागद घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. आधार कार्डातल्या पत्त्याची दुरुस्ती. आधीसारख्या टेकल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. मी वाचला. "परत वाचा," म्हणाल्या. मी परत वाचला, सावकाश, बारीक अक्षरातल्या ओळींसह. मी सहीची जागा दाखवली तेव्हा त्यांनी कागदाची घडी घातली.

"गीतांजलीला बी दावते," त्या म्हणाल्या. गीतांजली म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली सून, क्लासमध्ये शिकवते. "मग घरीच करते सही."

"बरोबर आहे," मी म्हणाले. खरोखरच बरोबर होते.

त्याच दिवशी पाच वाजता समोरचे दार उघडले. चंद्रप्पा बाहेर आले, एका हातात काठी, दुसरा पार्वतीबाईंच्या खांद्यावर. चपला काढून त्यांनी ओट्याखाली सारल्या. हळूहळू निघाले. आधी सिमेंट, मग दगड. पायाला दगड लागला तसे थांबले. अंगठ्याने चाचपून पाहिले. दोन्ही पाय पट्ट्यावर ठेवून त्यांनी अंगाचा भार इकडून तिकडे दिला.

"हितली फरशी हालायची," ते म्हणाले.

"आता न्हाई हालत," पार्वतीबाई म्हणाल्या. "चला. चहावाला वाट बघायलाय."

एक स्कूटी आली, पट्ट्यापाशी हळू झाली आणि त्यांच्या मागे थांबून राहिली. मी खिडकीत उभी होते. जाताना पार्वतीबाई नेहमी माझ्या खिडकीकडे पाहून हात करायच्या. त्या दिवशी त्यांचे लक्ष चंद्रप्पांच्या पायांकडे होते. वळण घेऊन दोघे दिसेनासे होईपर्यंत ते लक्ष हलले नाही.