पावणेसात वाट्या खोबरं

त्या बाईचं नाव इचारायचं राहूनच गेलं बघा. माज्या धाकट्याच्या जावळाला मटणाचं जेवण रांधायला आलती, एवढंच. रस्सा कधी चाखायची न्हाय, नुसती वाफ हुंगायची नि मान हलवायची.

मी त्या दिवशी आदीच भ्यालेली. थोरली पोरगी पाचवीत, अपूर्णांकात नापास झालती नि सासूबाई म्हणालत्या, "बास झाली शाळा. आता घरात बसू दे." मी सवता चौथी शिकलेली, मान खाली घालून बाईच्या शेजारी कांदं चिरत बसले.

बाईनं ते ऐकलं. पोरीला हाक मारली, "ये गं वाघिणी. एक किलो मटणाला दीड वाटी खोबरं लागतंय. मटण हाय साडेचार किलो. किती किसू?"

पोरगी बोटं मोजाय लागली. मीच घाबरून बोलले, "चार किलोला सा वाट्या, वरच्या अर्ध्याला अर्धी. साडेसा."

"तू थांब की गं बया!" बाई खेकसली नि वाटी पोरीच्या हातात दिली.

पोरीनं दीड वाटी कीस परातीत पसरला, मधनं बोटानं रेघ वढली नि वरडलीच, "आई, अर्ध्या किलोला दीडचं अर्धं! पाऊण! पावणेसात वाट्या!"

बाईनं तेवढंच खोबरं घातलं. "डोकं चांगलं हाय हिचं. फळ्यावरच्या गणिताला वास येत न्हाय, म्हणून अडलंय," सासूबाईस्नी ऐकू जाईल असं म्हणाली.

दुपारी सासूबाई रस्सा वाढत पावण्यास्नी सांगत हुत्या, "खोबऱ्याचं माप आमच्या नातीनं काढलंय."

सोमवारी पोरीला शाळेत पोचवायला मीच गेलते, मान वर करून.