कुणाचाच नसलेला रंग

शाळेत मुलींसाठी स्काऊटसारखं गाईडचं पथक सुरू करायचं ठरलं आणि मुख्याध्यापकांनी ते माझ्या गळ्यात मारलं. कारण काय, तर "मॅडम, तुमचा आवाज मोठा आहे." आता हे काय कारण झालं? पण आवाज मोठा आहे हे खरं, राग नाकाच्या शेंड्यावर असतो हेही खरं, म्हणून गप्प बसले. मी नांदेडला राहते आणि अर्धापूरच्या बाजूला, केळीच्या बागांमधल्या एका गावात रोज शिकवायला जाते. तोवर गाईड म्हटलं की मला फक्त दहावीचं पुस्तक आठवायचं.

प्रशिक्षणाला गेले आणि पहिल्याच दिवशी स्कार्फवरून बोलणी खाल्ली. मी तो ओढणीसारखा खांद्यावर टाकून बसले होते. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाई, हे लग्नातलं उपरणं नाही!" मग रीत कळली. त्रिकोणी कापड, ते लांब बाजूने घट्ट गुंडाळत यायचं, पाठीवर एवढुसा त्रिकोण सोडायचा आणि पुढची दोन टोकं एका कड्यातून ओवून घ्यायची. त्या कड्याला वॉगल म्हणतात. मागच्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज लष्करी साहेबाने हे पोरांच्या गणवेशात आणलं. उन्हात मान भाजू नये, आणि वेळ आली की तेच कापड कामाला यावं. हात मोडला तर झोळी, पाय मुरगळला तर पट्टी, बरेच एकत्र बांधले तर दोरी. मला हसूच आलं. मुरुडला माझे एक मामा होते, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल हे सगळं करायचा, शिवाय बाजाराच्या दिवशी त्यातून भजी यायची.

पण एक गोष्ट मामांच्या रुमालात नव्हती. हा स्कार्फ कुणी आपल्या हाताने गळ्यात घालून मोकळं होत नाही. आधी शिकायचं, मग दीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर वचन म्हणायचं, आणि मग पथकाची कॅप्टन, म्हणजे आमच्यात मीच, तो गळ्यात घालते. प्रत्येक पथकाचा रंग आपापला असतो, काही रंग वरच्या मंडळींसाठी राखून ठेवलेले. तेव्हा आम्हालाही एक रंग हवा होता.

माहेरी लातूरला गेले होते, म्हटलं तिथूनच कापड घ्यावं. दुकानदार ओळखीतले. गळ्यात घालायचंय म्हटल्याबरोबर त्यांनी विचारलं, "कोणता पक्ष?"

"अहो काका, पक्ष नाही, शाळा!"

"शाळा असली तरी गळ्यात घालायचं म्हणल्यावर इचार करा ताई. हे घेतलं तर हे लोक म्हणतेत आमचं. हे घेतलं तर ते लोक. ह्याच्यावर तर दोघं भांडून राहिलेत."

गाठोडी उलगडता उलगडता शेवटी अगदी तळातून एक थान निघालं. "हा घ्या. हा कुणाचाच न्हाई. म्हणून तर पडून हाय." रंग कोणता ते मी इथे सांगणार नाही. सांगितला तर तुम्हीही मला कुठल्यातरी पक्षात नेऊन बसवाल, आणि मला भांडायला उठावं लागेल.

त्या रंगाचे स्कार्फ माझ्या पोरींना काय शोभले म्हणता! त्यात नववीतली एक मुलगी होती, केळी बागायतदाराची. गाठी मारण्यात तिचा हात कुणी धरावा? राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरासाठी तिचं नाव मी डोळे झाकून दिलं. शिबिर लातूरला होतं, मुक्कामाचं. मुक्काम म्हटल्यावर तिच्या वडिलांनी नकार दिला. "मॅडम, लेकराला बाहेर मुक्कामी ठेवनं आपल्याला जमत न्हाई. गावात लोक काय म्हनतेत?" मी घरी गेले, चहा प्याले, गोड बोलले, मग नेहमीसारखी चिडले. "लोकांना विचारून केळी लावता का?" असंही बोलून गेले. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत.

मग निवडणूक आली. मतदान आमच्याच शाळेत होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना हात धरून आत नेण्याचं काम माझ्या पोरींना मिळालं. ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, पप्पा त्या दिवशी उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून आत बसणार आहेत. दिवसभर मला काम करताना बघतील. बघितल्यावर पाठवतील की नाही शिबिराला?" इतक्या आशेने विचारलं की मी "पाठवतील की!" म्हणून बसले.

तेवढ्यात वडील ज्या आघाडीचं काम करायचे ती नवी स्थानिक आघाडी प्रचाराला उतरली. गळ्यात गमजे घालून. आणि रंग? आमचाच! लातूरला तळाशी पडलेला तो कुणाचाच नसलेला रंग यांना नेमका आत्ता सापडला. स्टाफरूममध्ये माझी यथेच्छ टिंगल झाली. "मॅडम, तिकीट कधी मिळतंय?" मुख्याध्यापक म्हणाले, मतदानाच्या दिवशी स्कार्फ नको. मी म्हटलं, "का म्हणून? रंग आमचा आधीचा आहे. त्यांनी बदलावा."

मतदानाच्या दिवशी सकाळी सगळं झकास चाललं होतं. एक म्हातारी तर त्या मुलीच्या स्कार्फला हात लावून म्हणाली, "पोरी, दस्ती लई छान हाय तुझी." हे आतल्या खोलीतल्या दुसऱ्या बाजूच्या प्रतिनिधीने ऐकलं आणि तो ताडकन उठला. "साहेब, माझी हरकत हाय. बाप इथं बसलाय, पोरगी दारातून मतदार आनून राहिली, अन् तिच्या गळ्यात ह्यांचाच रंग. हा प्रचार न्हाई तर काय हाय?" वडिलांनी आपला गमजा नियमाप्रमाणे काढून खिशात कोंबला होता, पण त्याचं टोक मेलं बाहेर आलं होतं. हरकत घेणाऱ्याने ते टोकही दाखवलं.

मी आत घुसले नाही, दारातूनच बोलले, पण माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. हा गणवेश आहे, हा वचन घेऊन मिळालेला आहे, त्रिकोणी आहे, गमजा लांबट असतो, डोळे आहेत की नाहीत, सगळं बोलून झालं. केंद्राध्यक्ष भला माणूस. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, मला पटतंय हो. पण बाप-लेक एकाच खोलीत एकाच रंगात, मी कुणाकुणाला समजावू? बाळ, तेवढा स्कार्फ काढून ठेव आणि काम कर."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाली, "सर, स्कार्फ काढला तर मी गाईड नाही. मग मी इथं कशाला थांबू? मी घरी जाते." मला इतकं वाईट वाटलं, आणि स्वतःचा इतका राग आला! वडिलांदेखत तिला बाहेर काढलं जात होतं. गावभर बोभाटा होणार, आणि शिबिराचं नाव आता घरात काढायलाही नको.

त्या खुर्चीसाठी वडील महिनाभर गाडीवर फिरले होते, आख्ख्या गावाला ठाऊक होतं. टेबलावरची मतदार यादी त्यांनी सरळ केली. आणि उठले.

"साहेब, दोघांतलं एकच पाहिजे ना आत? मग मी जातो. माझ्या जागी दुसरा कुनी येईल. तिच्या जागी कोन येनार?"

समोरचा प्रतिनिधी उभाच होता. हळूच बसला. बाहेरून आघाडीचा पोऱ्या धावत आला, "भाऊ, अवो काय करता?" ते त्याच्याकडे न बघता दारातून निघाले. मुलीच्या जवळून जाताना म्हणाले, "ती म्हातारी पायरीवर थांबलीय, धर की तिला." ती पळाली.

मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात आले. ते चप्पल शोधत होते. एक सापडली, दुसरी सापडेना. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या लातूरच्या कॅम्पला पांघरून घरून द्यावं लागतं, का तिथंच मिळतं?"