चादरीमागचं वाळवण

माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात तिचे कपडे मी वाळू दिले नाहीत. हे वाक्य लिहायला बराच वेळ लागला, कारण मी नववीला विज्ञान शिकवतो. वाष्पीकरणाचा धडा दरवर्षी घेतो. ऊन पाहिजे, वारा पाहिजे, पसरलेला पृष्ठभाग पाहिजे, हे फळ्यावर लिहिण्यात माझी बोटं झिजली. आणि घरी मी ओल्या कपड्यांवर टॉवेल, टॉवेलवर चादर आणि ते सगळं पाण्याच्या टाकीच्या सावलीत, अशी व्यवस्था केली होती की त्यातून वाफेची निसटायची काय बिशाद.

पद्धत माझी नव्हे. आमच्या घरात बायकांचे आतले कपडे असेच वाळायचे. आईचे वाळले, बायकोचे वाळले. म्हणजे सकाळी ते चादरीआड जायचे आणि संध्याकाळी कपाटात यायचे, मधे काय झालं ते कोणी विचारत नसे. बायको गेल्यावर गच्चीवरची तार माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत हा नियमही आला. एकट्या पुरुषाला त्याचा काही उपयोग नव्हता. मग मुलगी बाळंतपणाला आली.

पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हा तिचा हट्ट होता आणि माझाही. तिच्या सासूबाईंनी उज्जैनहून अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "व्याही, तुमच्याकडे बाईमाणूस नाही. कसं होईल?"

"होईल," मी म्हणालो. बोलणं इतकंच. पण मनात धरून बसलो की सव्वा महिना पोरीला कशाची उणीव भासू द्यायची नाही. शाळेतून रजा घेतली, डिंकाचे लाडू शिकलो, मालिशवाली लावली, दुपटी धुतली. फक्त एका विषयात नापास झालो.

नात आठवड्याची झाली नसेल, एक पार्सल आलं. मुलीनं ते हॉलमध्येच फोडलं.

"बाबा, हे बघा ना. ऑनलाइन मंगवले मी."

एक गाऊन होता. दिसायला साधा, पण छातीपाशी शिवणीत दोन उभ्या चेन लपवलेल्या. पाजताना पूर्ण उघडायला नको म्हणून. मी पंख्याकडे बघत होतो. थंडीचे दिवस, पंखा बंद. मग समोरून क्लिपनं उघडणाऱ्या ब्रा निघाल्या. गळ्यात अडकवायचं एक मोठं कापड निघालं, ते मला न्हाव्याच्या दुकानातलं वाटलं. ते चारचौघांत पाजताना बाळावर घ्यायचं होतं. आणि शेवटी पांढऱ्या, गोल, तळहाताएवढ्या कापडी चकत्या.

"हे पॅड. दूध गळतं ना, ते टिपायला आत ठेवायचे. धुऊन परत वापरायचे."

"छान," मी म्हणालो आणि गॅस बंद आहे का बघायला गेलो. तो लावलेलाच नव्हता.

त्यानंतर मी घरात शिरताना फाटकापासूनच खोकायला लागलो. ती पाजत असली तर सावरून बसेल म्हणून. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, छातीचा एक्सरे काढून घ्या ना एकदा."

तिला जिने चढायची मनाई होती, त्यामुळे गच्ची माझ्या एकट्याच्या ताब्यात. आमच्या आणि शेजारच्या गच्चीत फक्त गुडघ्याएवढी भिंत आहे. एकदा वाऱ्यानं चादर उडाली आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या भाभीजी त्यांच्या बड्या, म्हणजे डाळीचे सांडगे, वाळत घालायला वर आल्या.

"भाईसाब, ये गोल-गोल क्या सुखा रहे हो?"

माझ्या तोंडून निघालं, "इडली के हैं."

"इडली के?"

"साँचे में बिछाते हैं. चिपकती नहीं."

"इतने सारे?"

"बिटिया को पसंद है."

आमच्या राजेंद्र नगरात सकाळी पोहे सोडून कोणी दुसरं काही खाल्लं तर लोक तब्येत विचारतात. पण भाभीजींनी बाळंतिणीचा विचार करून मान हलवली. "ठीक है. जच्चा को हल्का ही देना चाहिए."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबाभर सांबार पाठवलं. आमच्या घरात इडलीपात्र नाही. सांबार आम्ही पोळीशी खाल्लं.

"सांबार कुठून आलं?" मुलीनं विचारलं.

"शेजारधर्म," मी म्हणालो. मग सांबार येतच राहिलं.

त्याच सुमारास ती एकदा म्हणाली, "बाबा, पॅड कमी कसे होताहेत?" मी वाऱ्यावर ढकललं. चादर, टॉवेल आणि चिमटे यांच्या खालून वारा गोल चकत्या कशा काढून नेईल, हा प्रश्न नववीतल्या पोरानंही विचारला असता. तिनं विचारला नाही. तिचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण तिला त्रास सुरू झाला होता.

मला तिनं काही सांगितलं नाही. मी ऐकायला थांबतो कुठे? पण भिंतीपलीकडून कळत होतं. नात दूध प्यायला लागली की मुलगी श्वास रोखून धरायची. फोनवर नवऱ्याला म्हणत होती, "आग होते रे. सगळं लाल झालंय." मग सासूबाईंचा फोन आला. शनिवारी जावई गाडी घेऊन येतील, इकडेच ये, इथे मी आहे.

शुक्रवारी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. मी बाहेर बसलो होतो, पण त्यांनी मलाही आत बोलावलं. ओलाव्यामुळे होतं हे, त्या म्हणाल्या, औषध देते.

"अंदर के कपड़े और पैड धूप में सूखते हैं न?"

"हाँ जी," मुलगी म्हणाली. "बाबा खुद छत पर डालते हैं रोज."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बहुत अच्छा. ऐसे पिता कम मिलते हैं." मग पुन्हा कागदाकडे वळल्या. "फिर ये नमी आ कहाँ से रही है?"

मला ठाऊक होतं कुठून येते. मी भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत राहिलो. आयुष्यात कौतुक फार थोड्यांनी केलं, आणि एकदा झालं तर ते असं.

परतताना रिक्षात मुलगी हळू म्हणाली, "बाबा, मी जाते उद्या. तुम्ही खूप करता, खरंच. पण तिकडे सासरी आईंना काहीही विचारता येतं. तुम्हाला कसं विचारू?"

मी रिक्षावाल्याला म्हणालो, "भिया, जरा धीरे."

घरी पोचल्यावर सरळ गच्चीवर गेलो. चादर काढली, टॉवेल काढला. ब्रा, पॅड, तो चेनचा गाऊन, सगळं रस्त्याकडच्या तारेवर, भर उन्हात, एकेक मोकळं पसरून लावलं.  समोरच्या बाल्कनीत कोणीतरी केस विंचरत होता, त्यानं बघितलं आणि विंचरत राहिला. भाभीजी मात्र भिंतीपाशी आल्या.

"भाभीजी," मी म्हणालो, "वो इडली के नहीं हैं."

"तो?"

"बिटिया के हैं. बच्ची को दूध पिलाती है न, तो कपड़ों के अंदर रखती है. दूध सोखने के लिए."

या विषयावर एवढी वाक्यं मी घरातल्या माणसांशीही कधी सलग बोललो नव्हतो.  भाभीजींचा चेहरा विचित्र झाला.

"चार मैं ले गई थी," त्या म्हणाल्या. "सोचा, धो के वापस रख दूँगी. जेठजी आए थे, तो इडली बनाई."

"कैसी बनी?" मी विचारलं. का विचारलं ते आजही सांगता येणार नाही.

"फूली अच्छी. नीचे से गीली रह गई."

"पीछे प्लास्टिक की परत है," माझ्या आतला मास्तर बोलला. "भाप निकलती नहीं."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. रडताहेत की काय, म्हणून मी घाबरलो. पण त्या हसत होत्या. "भाईसाब, जेठजी से मत कहना. दो बार माँग के खाई है उन्होंने."

खाली येऊन मुलीला सगळं सांगितलं. चादरीपासून सुरुवात केली. ती आधी हसली नाही. 

"म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "मला जमत नाही पाजायला. रात्र रात्र तेच डोक्यात."

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. मग भाभीजींच्या मोठ्या दिरांचं, त्या जेठजींचं सांगितलं. दोनदा मागून घेतल्याचं ऐकल्यावर मात्र ती उशीवर कलंडली. "बाबा, हसवू नका, टाके दुखतात," असं म्हणत हसत राहिली. नात उठली. मुलीनं तिला जवळ घेतलं, मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "आणि खोकू नका."

शनिवारी सकाळी विहीणबाईंचा फोन आला, जावई निघताहेत म्हणून. मुलीनं फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. "विहीणबाई, पाजताना तिला दुखतंय, कारण तिचे आतले कपडे मी चादरीखाली ओले ठेवले. कालपासून उन्हात घातलेत. औषध सुरू आहे. तिला राहायचंय इथे. आठवडाभर मला संधी द्या."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. 

"ऊन कुठल्या बाजूला येतं तुमच्याकडे?" विहीणबाईंनी विचारलं.

"रस्त्याच्या."

"आमच्याही रस्त्याच्याच." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्हीही चादरीखालीच घालतो, व्याही."

मग आम्ही दोघं बराच वेळ उन्हाबद्दल बोललो. सकाळचं बरं की दुपारचं, हिवाळ्यात किती वाजता सरकतं, असं. जावई दुपारी आले. जेवले, नातीला कडेवर घेऊन खोलीभर फिरले, आणि संध्याकाळी गाडी घेऊन एकटेच उज्जैनला परत गेले.