काळी बोटं, पांढरी चांदी

लॅबमध्ये रिझल्ट यायला वर्षं लागतात. किस्से मात्र चहा गार व्हायच्या आत तयार! खारघरच्या आमच्या कॉलेजात आम्ही तिघंच: सर, मी आणि लॅब सांभाळणाऱ्या सविताताई, उलव्याच्या. काम एकच. चांदीला सेंद्रिय रेणूंशी जोडून संयुग करायचं, त्याची वाफ करायची आणि तापलेल्या काचेवर चांदीचा पातळ थर बसवायचा.

*

हे संयुग उजेड दिसला की काळं पडतं. म्हणून खिडक्यांना काळे कागद. इन्स्पेक्शनच्या आधी प्रिन्सिपल आले. "हे काय भूतबंगल्यासारखं? काढा आधी!"

सविताताईंनी कागद-पेन पुढं केलं. "काडते ना सर. माल काला झाला तं जबाबदारी तुमची, येवरं लिवून द्या."

प्रिन्सिपलांना एकदम मीटिंग आठवली!

*

चांदीच्या क्षारांनी बोटांवर काळे डाग पडतात. सीवूड्सचं स्थळ मला बघायला आलं, तेव्हा मी पोह्यांची डिश तशाच हातांनी पुढं केली. ग्लोव्हज कधीकधी फाटतात, काय करणार!

मुलाची आई म्हणाली, "लग्नापर्यंत जातील ना हे?"

"हे जातील काकू. नवीन पडतील!"

मुलगा हसला. आई नाही. स्थळ गेलं. माझ्या आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

*

सगळे सांगायचे, संयुग इथं कशाला करता, बाहेरून मागवा. मागवलं. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं, कुठंतरी उन्हात पडलं. उघडलं तर आत काळी भुकटी!

सर बाटलीकडे बघत म्हणाले, "काळं करायला परदेशातून कशाला? ते आपण इथंच करतो की!"

*

पण खरंच काळंच होत होतं. वाफ व्हायच्या आधीच संयुग फुटायचं, चांदी नळीतच चिकटायची. एक दिवस सर हळूच म्हणाले, "बंद करू या का?"

मी म्हटलं, "करा बंद. मी उद्या नेहमीच्या वेळेला येणार!"

दुसऱ्या दिवशी सर माझ्या आधी हजर! आम्ही चांदीला धरणारा रेणू बदलला, परत बदलला. शेवटी एका दुपारी काच बाहेर काढली. चकचकीत! सविताताईंनी मला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

*

मग इन्स्पेक्शनची कमिटी आली. त्यातले एक साहेब आधीच्या वर्षी बोलून गेले होते, "तुमच्यासारख्या कॉलेजात हे होणार नाही." सरांनी ती काच त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती चेहऱ्यासमोर धरली, नाक मुरडलं.

"यात बघण्यासारखं काय आहे?"

मागून सविताताई म्हणाल्या,

"आता तं तुमीच दिसताव त्यात, सायेब!"