बाटलीबाईंची सही

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर सगळे त्यांना ‘बाटलीबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण कानावर जाईल इतक्या मोठ्याने. तेलाबरोबर जमिनीतून पाणीही वर येतं. ते गाळून समुद्रात सोडण्याआधी त्यात तेल किती उरलं, हे बाई तपासत. नमुना काचेच्याच बाटलीत घ्यायचा, कारण प्लास्टिकला तेल चिकटून बसतं आणि पाणी उगाच सोवळं दिसतं. अठरा वर्षं हा धडा त्यांनी येईल त्याच्याकडून घोकून घेतला होता.

घरी धाकटा दीर मासेमारी करायचा. “वहिनी, तुमची सही झाली की मगच आम्ही जाळं टाकतो,” असं तो म्हणे. बाई ते चेष्टेवारी नेत नसत.

आणि एका सकाळी त्यांनीच घात केला. काचेच्या बाटल्यांचं खोकं बोटीतून उतरवताना फुटलं. ‘पाणी कधी सोडायचं?’ असे खालून निरोपावर निरोप. एकदा काय होतंय म्हणून बाईंनी प्लास्टिकची बाटली घेतली. आकडा इतका सुरेख आला की काय सांगावं! सही झाली, पाणी समुद्रात सोडणारा व्हॉल्व्ह उघडला.

चहाचा पहिला घोट घेतला आणि बाईंनी कप खाली ठेवला. या पाण्याचा इतका सुरेख आकडा कधीच येत नाही.

कोणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बाईंना स्वतःचीच लाज वाटली. भीतीही वाटली, कारण सही एकदा खोटी ठरली की पुढे तिला कोण विचारतो? तरी त्या तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, व्हॉल्व्ह बंद करा. माझा आकडा चुकलाय.”

“यंत्र बिघडलं?”

“यंत्र ठणठणीत आहे. मीच माती खाल्ली.”

साहेबांनी आधी फोन करून व्हॉल्व्ह बंद करवला आणि मग बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. आचाऱ्याने जॅमची काचेची बरणी रिकामी करून दिली. ती धुऊन धुऊन बाईंचे हात दुखले. नव्या नमुन्यात तेल मर्यादेच्या दीडपट निघालं. एक गाळणी तुंबली होती. ती दुपारपर्यंत बदलली. मग बाईंनी पाणी दोनदा तपासलं. आकडा मर्यादेच्या आत होता.

साहेब नोंदवही घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आले. आता आपली उचलबांगडी, असं बाईंनी धरूनच ठेवलं होतं.

“वर कळवलंय,” साहेब म्हणाले. “चूकही कळवली आणि ती तुम्हीच सांगितलीत हेही.”

“मग आता सही कोणाची घेणार?”

“कोणाची म्हणजे? तुम्ही करा, मग मी व्हॉल्व्ह उघडतो.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पेन उघडलं आणि सही केली.